आयझेल्यांचं शिसं

हेर आयझेले, म्हणजे जर्मनीतले माझे घरमालक श्रीयुत आयझेले, घरी बंदुकीच्या गोळ्या ओतायचे. जुन्या, भंगारातल्या शिशाच्या. आणि त्यांनी एकही गोळी झाडलेली मी कधी पाहिली नाही. एवढं सांगितलं की ऐकणारा सावरून बसतो आणि ‘मग?’ म्हणतो. या ‘मग?’चं उत्तर आपल्याकडे आहे असं मला कधी वाटतं, कधी वाटत नाही. तीन वर्षं मी त्यांच्या घरात राहिलो. पहिलं वर्षभर त्यांना विक्षिप्त समजत होतो. पुढची दोन वर्षं आपल्याला हा माणूस कळला असं समजत होतो. निघायच्या दिवशी दोन्ही समज चुकीचे निघाले.

अठ्ठावन्न साली मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला स्टुटगार्टला गेलो. शहरात खोली मिळेना. लढाईत पडलेली घरं अजून उभी राहायची होती, आणि जी उभी होती त्यांतल्या घरमालकिणींना माझ्या चेहऱ्यावरच फोडणीचा वास येत असावा. शेवटी गाडीने अर्ध्या तासावर, बॉबलिंगेनला, आयझेल्यांच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. आयझेले फ्लाश्नर होते, म्हणजे पत्र्याचं, नळाचं, छपराच्या पन्हळींचं काम करणारे कारागीर. बुटके, खांद्याने रुंद, मिशा पिवळट, आणि उजव्या अंगठ्याचं नख जरासं वाढवलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या ट्रंकेच्या कोपऱ्यावर ते नख ओढून पाहिलं आणि ‘लोखंड’ असं समाधानाने म्हणाले. मला वाटलं ही इथली स्वागताची रीत असेल.

मग घर दाखवायला घेऊन गेले. परसात हापसा होता आणि हापशापलीकडे पत्र्याची शेड. शेडच्या दारातून एका फळीवर मांडलेल्या गोळ्या दिसल्या. बोराएवढ्या, गोल, राखाडी. दोन-तीनशे तरी असतील. जर्मन माणूस, परसात गोळ्यांचा साठा, आणि लढाई संपून जेमतेम तेरा वर्षं झालेली, असं माझ्या मनात. माझं थोडं जर्मन होतं तेही तोंडातल्या तोंडात विरघळलं.

“या कशासाठी?” मी विचारलं.

“शूट्झनफेराइनसाठी,” ते म्हणाले. “गावातल्या नेमबाजांचं मंडळ. आजोबांच्या बंदुका, पुढून ठासायच्या. रविवारी पाटीवर नेम धरतात.”

“आणि तुम्ही?”

“मी फ्लाश्नर आहे.” मग त्यांनी शेडच्या उंबऱ्याकडे बोट केलं. “आल्झो, हेर डोक्टर. या लाकडाच्या अलीकडे सगळं घर तुमचं. पलीकडे यायचं नाही.”

मी अजून डॉक्टर नाही असं मी सांगितलं. “व्हाल की,” ते म्हणाले. घरी वडिलांना लिहिलेल्या पत्रात मी ‘घरमालक सालस आहेत’ एवढंच लिहिलं. गोळ्यांचं लिहिलं असतं तर परतीचं तिकीट आलं असतं.

नेमबाजांच्या मैदानामागे वाळूचा मोठा ढीग होता. रविवारी मंडळी त्यात धडाधड गोळ्या घालत आणि सोमवारी कामावरून आल्यावर आयझेले हातगाडी, फावडं आणि चाळण घेऊन तिथे जात. एकदा मीही गेलो. ते वाळू चाळायचे आणि चपट्या, फुटलेल्या, पाकळ्या उमललेल्या गोळ्या वेचून गाडीत टाकायचे. अंधार पडेपर्यंत एकही तुकडा सुटू नये म्हणून त्यांची जी धडपड चालली होती, ती मला कळेना. शिसं काही सोनं नव्हतं.

घरी आल्यावर त्या तुकड्यांना नख लावायचं. नख सहज रुतलं आणि अंगठ्याला करडा डाग पडला की मऊ शिसं. मग लोखंडी कढईत वितळवायचं, वर आलेली मळी काढायची, आणि वर्तमानपत्राची पट्टी बुडवून बघायची. पट्टी तपकिरी झाली की ओतायचं, काळी पडली तर थांबायचं. साचा सांडशीसारखा होता. पहिल्या चार-सहा गोळ्या सुरकुतलेल्या निघत, त्या परत कढईत. बर्फ पडत असला तरी शेडची दोन्ही दारं सताड उघडी. काम संपलं की एप्रन शेडमध्ये, बूट शेडमध्ये, आणि हापशावर कोपरापर्यंत हात धुवायचे. त्यानंतरच ते मुलीच्या हातून कॉफी घ्यायचे.

मुलगी हान्ने. सतरा वर्षांची, गोरीपान, हसरी. तिला घड्याळ कळायचं नाही. रोज सकाळी जिन्यात उभी राहून मला विचारायची, “तुमची गाडी आली का?” आणि माझ्याबरोबर पायऱ्या मोजायची. अकरापर्यंत नीट, आणि मग परत एकपासून. जिना सोळा पायऱ्यांचा होता. कॉफीचा कप घेऊन ती शेडच्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि तिथेच थांबायची. एकदा तिचा पाय चुकून आत पडला तर एरवी आवाज न चढवणारा तो माणूस असा ओरडला की शेजारणीने खिडकी उघडली. एवढ्याशा गोष्टीला एवढं? स्वच्छतेचं वेड या भागात सगळ्यांनाच असतं, दर आठवड्याला पाळीपाळीने जिना झाडायचा नियम मीही भोगत होतो. हे त्यातलंच टोक, असं मी धरून चाललो.

ते गोळी का झाडत नाहीत याची उत्तरं गावात हवी तेवढी मिळत. बेकरीवाल्या बाई म्हणत, त्यांना एका डोळ्याने कमी दिसतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणत, लढाईवरून आल्यापासून त्यांनी बंदुकीला हात लावलेला नाही. त्यांच्या पत्नी, फ्राउ आयझेले, म्हणत, आवाज सहन होत नाही. तिन्ही उत्तरं देणाऱ्यांना आपापल्या उत्तराची खात्री होती. मी स्वतः त्यांनाच विचारलं होतं की शिसं गोळा करताच आहात तर गोळ्याच का, मासे धरायच्या जाळ्याची वजनं करा, दुसरं काही करा. ते म्हणाले, “गोळीला कुणी तोंड लावत नाही.” मी मान हलवली. भाषा नवी असली की माणूस न कळलेल्या वाक्यांनाही मान हलवतो.

आणि गोळा तरी किती करावं? पडलेल्या घरांचे नळ, जुन्या पडद्यांच्या काठातल्या शिशाच्या माळा, सगळं. गल्लीतल्या मुलांकडे आजोबांच्या वेळचे शिशाचे शिपाई असत. आयझेले लाकडाचे शिपाई कोरायचे, रंगवायचे आणि एकास दोन देऊन ते शिशाचे घ्यायचे. मग त्या घोडेस्वारांना कढईत सोडायचे. मुलांच्या आया कपाळावर हात मारत, पण लाकडाचे शिपाई खरंच सुरेख असत.

जर्मनीत वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक गंमत असते. चमच्यात शिसं वितळवून पाण्यात ओतायचं आणि जो आकार होईल त्यावरून येतं वर्ष कसं जाईल ते सांगायचं. त्या दुपारी गल्लीतली सगळी पोरं आयझेल्यांच्या परसात. “इथे ओतलं नाही तर घरी आईच्या सूपच्या चमच्यात ओततील,” ते मला म्हणाले. ओतायचे स्वतःच, पोरांनी फक्त बघायचं आणि आकार हातात घ्यायचा. कुणाला जहाज दिसलं, कुणाला कोंबडी. माझ्या तुकड्यात मला पुण्याला परत जायची बोट दिसली. मी आयझेल्यांना विचारलं, तुम्हाला काय दिसतंय?

“ब्लाय,” ते म्हणाले. शिसं. “ब्लाय इश्ट ब्लाय.”

मग प्रत्येकाकडून तुकडा परत घेतला आणि सगळ्यांना हापशावर रांगेत उभं केलं. “कोपरापर्यंत,” ते म्हणत होते आणि स्वतः हापसत होते. डिसेंबरचं पाणी. दोन पोरं रडली. मीही कोपरापर्यंत हात धुतले आणि मनातल्या मनात त्यांना चार शिव्या दिल्या.

आता पातेल्याचं सांगायला हवं. आईने ट्रंकेत एक पितळी पातेलं घातलं होतं, तिकडे काय मिळेल न मिळेल म्हणून. वसंत ऋतूपर्यंत त्याची कल्हई पार उडाली. स्टुटगार्टहून माझा मित्र सबनीस रविवारी जेवायला यायचा. तो इंजिनांचं शिकत होता आणि जेवणाबाबत त्याला भीड नव्हती. “आमटी कळकलीय रे,” तो ताटावरून म्हणाला. “तुझा मालक पत्र्याचंच काम करतो ना? त्याला सांग की कल्हई करायला.”

मी आयझेल्यांना वीस मिनिटं हातवारे करून कल्हई समजावली. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, कापसाने पुसायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“नाइन,” ते म्हणाले. नाही.

“पण का?”

“भांड्याला आतून काही लावायचं नाही. माझ्याकडून नाही.” आणि त्यांनी मला एक एनॅमलचं भांडं आणून दिलं.

मला राग आला. आईचं भांडं बाजूला ठेवून मी हे पांढरं, निळ्या काठाचं, दवाखान्यातल्यासारखं भांडं वापरायचं? पुढच्या शनिवारी आयझेले झिंडेलफिंगेनला कुणाचं छप्पर दुरुस्त करायला गेले. मी लाकडाचा उंबरा ओलांडला. फळीवर नवसागराची वडी होती आणि शेजारी एक चकचकीत कांडी. कथील, मी म्हटलं. मी, रसायनशास्त्राचा डॉक्टर होऊ घातलेला माणूस. कांडी तपासायला प्रयोगशाळेत दहा मिनिटं लागली असती. पण लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला मी इतक्यांदा पाहिला होता की मला तपासायची गरजच वाटली नाही. ती कांडी डाखाची होती, नळ जोडायच्या. तिच्यात निम्म्याहून जास्त शिसं होतं.

कल्हई झकास झाली. रविवारी सकाळीच मी चिंच घालून आमटी केली, घरून बोटीने आलेली चिंच. सबनीस यायचा होता दुपारी. वासाने हान्ने वर आली, हातात स्वतःची वाटी घेऊन. तिला आंबट आवडायचं. दोन वाट्या प्याली, मी एक. मग मी राहिलेली आमटी दुसऱ्या भांड्यात काढली आणि पातेलं धुवायला परसात गेलो. आयझेले चर्चहून येत होते. रविवारच्या काळ्या कोटात ते माझ्यासमोर थांबले आणि पातेल्यात बघत राहिले.

“हे कुणी केलं?”

“मी,” मी म्हणालो, अगदी कौतुकाच्या अपेक्षेने.

“कशाने?”

मी शेडकडे बोट केलं.

“कुणी खाल्लं?”

“मी. आणि हान्नेने.”

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. त्यांनी पातेलं माझ्या हातातून घेतलं, शेडमधून टोच्या आणि हातोडा आणला, आणि चर्चच्या कोटातच उकिडवे बसून पातेल्याच्या बुडाला चार भोकं पाडली. एका मागोमाग एक. माझ्या आईच्या पातेल्याला. मग हान्नेला सायकलच्या मागे बसवून डॉक्टरांच्या घरी घेऊन गेले, रविवार असून. डॉक्टर म्हणाले, एकदा खाल्ल्याने काही होत नाही, दूध द्या. परत आल्यावर त्यांनी माझ्याही दारात दुधाचा मग ठेवला. मी तो प्यालो नाही. सबनीस आला तेव्हा मी ट्रंक भरत होतो. कांडीत शिसं असेल हे एव्हाना माझ्याही डोक्यात आलं होतं आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो होतो. “चूक तुझी आहे,” सबनीस म्हणाला. “पण भोकं चार का पाडली? एक पुरलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि आयझेले वाळू चाळायला गेले नाहीत. संध्याकाळी ते पहिल्यांदाच माझ्या खोलीत आले, पायात नुसते मोजे. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते टेबलावर ठेवून उघडलं. तांब्याचं पातेलं होतं, आतून राखाडी.

“लढाईनंतरचा दुसरा हिवाळा,” ते म्हणाले. “भांडी कुणाकडे नव्हती. जुनी होती ती मी आतून लावून द्यायचो. कथील कुठलं मिळायला? ढिगाऱ्यातून जे मिळेल ते वितळवायचो. हे आमच्या घरचं. सगळा हिवाळा आम्ही यात सफरचंदं शिजवली. आंबट, हिरवी, पडलेली. दुसरं काही नव्हतंच. हान्ने पाच वर्षांची होती. शंभरपर्यंत मोजायची. उलटंसुद्धा.”

मी खुर्ची पुढे ओढली, ते बसले नाहीत.

“फेब्रुवारीत तिला झटके आले. महिनाभर पडून होती. डॉक्टर म्हणाले, भूक आहे, अशी गावात कितीतरी पोरं आहेत. हो, भूक होतीच. भूकच असेल. किंवा हे असेल.” त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. “तुमच्या होखशूलेत, प्रयोगशाळेत, हे तपासता येतं?”

“येतं. पण तुम्हाला तर नखाने कळतं.”

“नख लावलं नाही,” ते म्हणाले. “बारा वर्षं.”

सकाळी पातेलं पिशवीत घालून निघालो तर जिन्याखाली फ्राउ आयझेले उभ्या होत्या. ही मितभाषी बाई माझ्याशी आजवर जिना झाडण्यापलीकडे बोलली नव्हती. तिने माझी बाही धरली. “काहीही निघालं तरी नाही म्हणा,” ती म्हणाली. “मला माहीत आहे काय निघेल ते. मला पहिल्यापासून माहीत आहे. त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत.”

मी पातेल्याच्या काठाजवळून थोडं खरवडलं, आम्लात विरघळवलं आणि त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. परीक्षानळीत हळदीसारखा पिवळाधमक साका बसला. शिसं, भरपूर. पण यावरून काय सिद्ध झालं? पातेल्यात शिसं होतं. ते सफरचंदात किती उतरलं, पोरीच्या पोटात किती गेलं, आणि भुकेचा वाटा किती, हे माझं शास्त्र सांगू शकत नव्हतं. परतीच्या गाडीत मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला काहीच उमजत नव्हतं. खरं सांगितलं तर ते अर्धंच खरं होतं. खोटं सांगितलं तर ते मात्र पुरतं खोटं होतं.

आयझेले फाटकात उभे होते.

“शिसं नाही,” मी म्हणालो. “कथील आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवी घेतली. “डांके, हेर डोक्टर,” ते म्हणाले आणि शेडकडे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत फ्राउ आयझेल्यांनी एप्रनने डोळे पुसले.

मी राहिलो. महिन्याभराने माझं पितळी पातेलं परत आलं. चारही भोकांत पितळेचे खिळे ठोकून घासून बसवलेले, इतके बेमालूम की बोट फिरवल्यावरच कळावेत. “कोरडं काहीतरी ठेवा,” ते म्हणाले. आजही त्यात आमच्या घरी तुरीची डाळ असते.

मला वाटलं होतं, आता हा माणूस बदलेल. इतक्या वर्षांचं ओझं उतरलंय, आता वाळू चाळणं थांबेल, निदान मुलांचे शिपाई तरी वितळवणार नाही. तसं काही झालं नाही. दर सोमवारी हातगाडी निघायची. लाकडाचे शिपाई कोरले जायचे. हान्नेने उंबऱ्यापाशीच थांबायचं. फक्त एक झालं. संध्याकाळी ते तिला घेऊन जिन्यात बसू लागले आणि तिच्याबरोबर पायऱ्या मोजू लागले. ती अकरावरून एकवर गेली की तेही जायचे. वाळू चाळणं मी सवयीचं म्हणून सोडून दिलं. दहा-बारा वर्षांच्या सवयी एका शब्दाने सुटत नाहीत, असं सबनीसला मी शहाणपणाने समजावूनही सांगितलं. आत कुठेतरी मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. आपण एका माणसाला सोडवलं, असं.

एकसष्टच्या उन्हाळ्यात माझा प्रबंध मंजूर झाला. निघायच्या सकाळी आयझेल्यांनी माझी ट्रंक स्टेशनवर न्यायला हातगाडी घ्यायची ठरवली. गाडी शेडमध्ये होती. “या, धरू लागा,” ते म्हणाले. तीन वर्षांत प्रथमच त्यांनी मला उंबऱ्याच्या आत बोलावलं. ते पुढे गेले आणि मी फळ्यांकडे बघत राहिलो. वरच्या फळीवर, गोळ्यांच्या रांगेशेजारी, ते तांब्याचं पातेलं होतं.

का कुणास ठाऊक, मी ते खाली काढलं. काठाजवळ माझ्या खरवडण्याची खूण होती. आणि बुडात, बरोबर मधोमध, एक लांब चर. नखाचा. सहज रुतलेला. मी त्यावरून बोट फिरवलं. असा चर नवा असताना चकाकतो, हे मी याच माणसाकडून शिकलो होतो. हा काळवंडून गेला होता. म्हणजे आजचा नाही, या वर्षाचाही नाही. मी ‘कथील आहे’ म्हणालो आणि ते पिशवी घेऊन शेडकडे गेले, त्याच संध्याकाळचा असेल. दोन वर्षं त्यांना माहीत होतं. दोन वर्षं ते मला हेर डोक्टर म्हणत होते.

मी मागे वळलो. आयझेले हातगाडीचा दांडा धरून माझ्याकडे, माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघत होते. मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, की आता हे विचारतील आणि आपल्याला उत्तर द्यावं लागेल. त्यांनी मला माफ केलं होतं का? का माझ्या खोट्याची त्यांना गरज होती, बायकोपुरती, तिला सुखाने जगता यावं म्हणून? मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत.

त्यांनी पातेलं माझ्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवलं, होतं तिथेच. मग घराच्या दिशेने बघितलं. फ्राउ आयझेले माझ्यासाठी सँडविचं बांधत होत्या, त्यांना आमचं बोलणं ऐकू जाण्यासारखं नव्हतं. तरी आयझेल्यांनी आवाज खाली घेतला.

“हात धुवा, हेर डोक्टर,” ते म्हणाले. “कोपरापर्यंत.”

मी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि हापशाखाली हात धरले. आयझेले हापसू लागले. हान्ने टॉवेल घेऊन शेजारी उभी होती आणि मोठ्याने हापसे मोजत होती. अकरा झाले की परत एक.